कार्तिकातील बाग : पाण्याचा आणि उष्णतेचा जमाखर्च

पुण्याच्या तापमानाचे सरासरी आकडे एकदा नीट पाहा. जुलै महिन्यात दिवसाचे कमाल तापमान सुमारे २८ अंश सेल्सियस असते. आणि डिसेंबरमध्ये? सुमारे २९ अंश! म्हणजे ज्या महिन्यात आपण स्वेटर बाहेर काढतो, त्या महिन्यातील दुपार भर पावसाळ्यातील दुपारीपेक्षा थंड नसते. उलट किंचित उष्णच असते. फरक पडतो तो रात्री. जुलैमध्ये पहाटेचे तापमान सरासरी २२-२३ अंश असते, तर डिसेंबरमध्ये ते ११-१२ अंशांपर्यंत उतरते. दिवस-रात्रीच्या तापमानांतील अंतर पावसाळ्यात पाच-सहा अंश आणि हिवाळ्यात सतरा-अठरा अंश! असे का व्हावे बरे?

याचे उत्तर आकाशात आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात नैर्ऋत्य मोसमी पाऊस महाराष्ट्रातून सहसा परततो. ढग विरतात, हवेतील बाष्प कमी होते आणि आकाश निरभ्र होते. हे निरभ्र, कोरडे आकाश आपल्याला मोठे प्रसन्न वाटते. बागेच्या दृष्टीने मात्र ते दुहेरी चोर आहे. दिवसा ते जमिनीतील पाणी पळवते आणि रात्री जमिनीची उष्णता पळवते. दख्खनच्या पठारावर आश्विन-कार्तिकापासून मार्गशीर्षापर्यंत बागेत जी कामे करायची असतात, ती बहुतेक सारी या दोन चोऱ्यांना आळा घालण्यासाठीच असतात.

या कामांना महत्त्व आहे ते एका साध्या कारणाने. पुढचा भरवशाचा पाऊस जूनमध्ये, म्हणजे जवळजवळ आठ महिन्यांनी! गणेशोत्सवात हिरवीगार दिसणारी कितीतरी शाळांची बाग संक्रांतीपर्यंत वाळून जाते. दिवाळीच्या सुटीत तिच्याकडे कोणी फिरकत नाही, आणि सुटीनंतर लक्ष जाते तेव्हा जमिनीतील ओल संपलेली असते. विहिरीचे किंवा नळाचे पाणी तर उन्हाळ्यासाठी राखून ठेवायचे असते. तेव्हा बाग जूनपर्यंत जगणार की नाही, हे बऱ्याच अंशी या सहा आठवड्यांत ठरते.

पाणी जाते किती?

प्रथम पाण्याचा हिशेब मांडू. नोव्हेंबरमध्ये आपल्याकडे जमिनीच्या एका चौरस मीटरवर दिवसभरात सुमारे ५ किलोवॅट-तास, म्हणजे १८,००० किलोज्यूल इतकी सौर ऊर्जा पडते. एक लिटर पाण्याची वाफ होण्यास सुमारे २,४५० किलोज्यूल उष्णता लागते. ही सारी ऊर्जा बाष्पीभवनातच खर्च झाली असती, तर रोज प्रत्येक चौरस मीटरमधून सात लिटरांहून अधिक पाणी उडून गेले असते. प्रत्यक्षात काही ऊर्जा परावर्तित होते, काही हवा तापवण्यात जाते; त्यामुळे ओल्या जमिनीतून चार-साडेचार लिटरांच्या आसपास पाणी जाते असे धरू. दहा चौरस मीटरचा वाफा घेतला, तर रोजचे ४० लिटर झाले. म्हणजे पंधरा लिटरच्या जवळजवळ तीन बादल्या!

दिवसाच्या कोणत्या वेळी हवा जास्त तहानलेली असते, हेही पाहू. १५ अंश तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे १३ ग्रॅम बाष्प मावते. २९ अंशांना सुमारे २९ ग्रॅम मावते. समजा, पहाटे दव पडले, म्हणजे हवा बाष्पाने पूर्ण भरलेली होती. तीच हवा दुपारी २९ अंशांपर्यंत तापली, तर तिची सापेक्ष आर्द्रता १०० वरून ४५ टक्क्यांच्या आसपास येते. बाष्प तेवढेच राहिले, पण हवेची भूक दुपटीहून अधिक वाढली. म्हणून दुपारी घातलेल्या पाण्याचा बराच भाग मुळांपर्यंत पोहोचण्याआधीच उडून जातो. पाणी घालायचे ते सकाळी लवकर, आळ्यात आणि पानांवर न शिंपडता. पाने रात्रभर ओली राहिली तर करप्यासारख्या बुरशीजन्य रोगांना आमंत्रण मिळते.

खर्च कमी करण्याची कामे

पहिले काम छाटणीचे आणि उपटणीचे. पावसाळ्यातील दोडका, काकडी, कारले यांचे थकलेले वेल आता फारसे फळ देत नाहीत. पण त्यांचे प्रत्येक पान पर्णरंध्रांवाटे पाणी बाहेर टाकतच असते. तण तर फुकटचेच पाहुणे. हे सारे काढून टाकले म्हणजे पाण्याला फुटलेल्या वाटा बंद होतात. मात्र तण बी धरण्यापूर्वी काढावे. त्याचा पुढे उपयोग आहे, म्हणून ते जाळू नये.

दुसरे काम खुरपणीचे. शेतकरी म्हणतात, ‘एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी.’ नुसती माती उकरल्याने पाणी कसे मिळेल, असे तुम्हाला वाटेल. पाणी मिळत नाही. ते जायचे थांबते. दिव्याच्या वातीतून तेल वर चढते, तसे मातीच्या कणांमधील बारीक पोकळ्यांतून केशाकर्षणाने पाणी पृष्ठभागाकडे चढत राहते. वरची तीन-चार सेंटिमीटर माती खुरप्याने मोकळी केली की ही वात तुटते. मोकळी माती लवकर वाळते, आणि त्यानंतर खालच्या पाण्याला वाफेच्या रूपाने, पोकळ्यांमधून वळणे घेत बाहेर पडावे लागते. ही वाट फारच मंद असते. काळ्या मातीत याचा आणखी एक फायदा होतो. ही माती ओली असताना फुगते आणि वाळताना आकसून भेगाळते. भेग म्हणजे खोलवरची ओल बाहेर पडण्याचे उघडे दार! भेगा पडू लागताच खुरपणी केली की ती मोकळ्या मातीने बुजतात.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे काम आच्छादनाचे. वाळलेले गवत, पालापाचोळा, उसाचे पाचट, गव्हाचे काड, भुईमुगाची टरफले असे जे काही मिळेल त्याचा सात-आठ सेंटिमीटर जाडीचा थर वाफ्यावर आणि झाडांच्या आळ्यांत पसरायचा. तो ऊन अडवतो, म्हणजे बाष्पीभवनाला लागणारी ऊर्जाच जमिनीपर्यंत पोहोचू देत नाही. वारा अडवतो आणि तणालाही दडपतो. पहिल्या कामात काढलेले तण इथे उपयोगी पडते. थर झाडाच्या बुंध्यापासून वीतभर दूर ठेवावा, म्हणजे वाळवी आणि कूज यांचा उपद्रव होत नाही. आच्छादन पसरण्यापूर्वी जमीन ओली असली पाहिजे. कोरड्या जमिनीवर झाकण घालून काय मिळणार?

चौथे काम सुटीपूर्वी करायचे. न भाजलेल्या नव्हे, तर भाजलेल्या पण झिलई न दिलेल्या मातीचे मडके झाडाशेजारी गळ्यापर्यंत पुरावे, पाण्याने भरावे आणि तोंडावर झाकण ठेवावे. मडक्याच्या सच्छिद्र भिंतीतून पाणी झिरपते. भोवतालची माती कोरडी असेल तर ती पाणी अधिक जोराने ओढते. ओली असेल तर ओढ कमी होते. म्हणजे जेवढी गरज, तेवढा पुरवठा, आणि तोही माळ्याशिवाय! ही युक्ती फार जुनी आहे. चीनमध्ये इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात लिहिल्या गेलेल्या फान शेंगझी यांच्या शेतीविषयक ग्रंथात तिचे वर्णन आढळते. सुटीच्या आधी दोन आठवडे एक मडके पुरून ते किती दिवसांनी रिकामे होते ते मोजा. मग सुटीत कोणी किती वेळा येऊन ते भरायचे, याची पाळी सहज ठरवता येईल.

रात्रीचा चोर

आता दुसऱ्या चोराकडे वळू. प्रत्येक वस्तू तिच्या तापमानानुसार उष्णता प्रारणाच्या रूपाने बाहेर टाकत असते. १५ अंश तापमानाची जमीन दर चौरस मीटरमागे सुमारे ३९० वॉट ऊर्जा अवरक्त किरणांच्या रूपाने आकाशाकडे पाठवते. आकाशातील बाष्प, कार्बन डायऑक्साइड आणि ढग यांतली काही परत पाठवतात. ढगाळ रात्री जवळजवळ सगळी रक्कम परत मिळते. निरभ्र, कोरड्या रात्री मात्र सुमारे ३०० वॉटच परत येतात. म्हणजे ९० वॉटची तूट! दहा तासांच्या रात्रीत ही तूट एका चौरस मीटरमागे ३,२०० किलोज्यूलांहून अधिक होते. एवढ्या उष्णतेत १५ अंशांचे नऊ लिटर पाणी उकळीला आले असते.

ही तूट भरून काढायला खालून जमीन थोडी उष्णता देते, थोडी हवा देते. तरीही जमिनीचा पृष्ठभाग आणि गवताची पाती भोवतालच्या हवेपेक्षा थंड होतात. त्यांना लागून असलेली हवा थंड, म्हणून जड होते आणि उताराने वाहत जाऊन सखल जागी साचते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात काही हिवाळ्यांत पहाटे दवबिंदू गोठल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. त्या वेळी गावातील हवामान केंद्रावरचा पारा शून्याच्या बराच वर असतो. यात विसंगती नाही. केंद्रातील तापमापक जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास उंचीवर, छपराच्या पेटीत असतो. दव गोठते ते उघड्या आकाशाखालच्या गवतावर आणि सखल भागात. कोवळी रोपेही तिथेच, जमिनीलगतच असतात! म्हणून कोबी, टोमॅटो, कांदा यांची रोपे तयार करायचे गादीवाफे बागेच्या सर्वांत खोलगट कोपऱ्यात करू नयेत.

रोपांवर संध्याकाळी गोणपाट किंवा जुने धोतर ताणण्याची पद्धत आपल्याकडे आहे. इतके पातळ कापड थंड हवेला कसे अडवणार? ही शंका विल्यम चार्ल्स वेल्स या लंडनमधील डॉक्टरांनाही होती. माळी कोवळ्या रोपांवर पातळ चटया घालत, ते पाहून त्यांना हसू येई. पुढे त्यांनी दवाचा अभ्यास हाती घेतला. गवतावर सहा इंच उंचीवर, चार काठ्यांच्या आधाराने एक तलम रुमाल ताणून बांधला आणि रात्री तापमान मोजले. रुमालाखालचे गवत उघड्यावरच्या गवतापेक्षा कित्येक अंश फॅरनहाइटने उबदार निघाले! रुमालाच्या चारही बाजू मोकळ्या होत्या, हवा आत-बाहेर खेळत होती. तेव्हा रुमालाने अडवले होते ते आकाश, हवा नव्हे. गवताकडून जाणारे प्रारण रुमाल शोषून घेत होता आणि स्वतःचे प्रारण गवताकडे पाठवत होता. १८१४ साली प्रसिद्ध केलेल्या दवावरील निबंधात वेल्स यांनी हे सारे मांडले, आणि आपण माळ्यांना हसत होतो हेही मोकळेपणाने लिहिले.

एकाच कामाचा नफा आणि तोटा

आतापर्यंतचे वाचून तुम्ही म्हणाल, ‘मग सोपे आहे. आच्छादन घातले की पाणीही वाचले आणि जमीनही उबदार राहिली!’ जरा थांबा. इथे एक गंमत आहे.

विजेची यंत्रे येण्याच्या कितीतरी आधी उत्तर भारतात हिवाळ्यात बर्फ तयार करीत असत. अलाहाबाद, म्हणजे आजचे प्रयागराज, येथील ही रीत रॉबर्ट बार्कर यांनी १७७५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवली. मोकळ्या मैदानात उथळ खड्डे खणून त्यांत वाळलेल्या उसाचा किंवा मक्याच्या ताटांचा जाड थर घालीत. त्यावर मातीच्या उथळ पसरट थाळ्या ठेवून संध्याकाळी त्यांत थोडे पाणी ओतीत. रात्र निरभ्र आणि शांत असली, तर हवेचे तापमान गोठणबिंदूच्या वर असूनही पहाटेपर्यंत थाळ्यांत बर्फ धरे. वरून प्रारणाने उष्णता जात होती, थोडे पाणी उडून जातानाही उष्णता घेत होते, आणि उसाच्या थरामुळे जमिनीकडून येणारी उष्णता पाण्यापर्यंत पोहोचत नव्हती.

आता आपल्या वाफ्याकडे पाहा. पाचटाचा थर तोच आहे! जमिनीची उष्णता तो खालीच अडवून ठेवतो. मुळांना हे चांगलेच. पण थराच्या वर डोके काढून उभ्या असलेल्या कोवळ्या रोपाला रात्री जमिनीकडून मिळणारी ऊब त्यामुळे मिळत नाही. आच्छादनाचा पृष्ठभाग उघड्या, ओल्या मातीपेक्षा अधिक थंड होतो. पाण्याच्या खात्यातला नफा उष्णतेच्या खात्यात तोटा होऊन येतो.

मग करायचे काय? दोन्ही खाती समोर ठेवून निर्णय घ्यायचा. आंबा, चिकू, लिंबू यांची वाढलेली झाडे, गुलाब, शेवंती यांना पठारावरील नेहमीच्या थंडीची फारशी भीती नसते. त्यांच्या आळ्यांत कार्तिकातच भरपूर आच्छादन घालावे. रोपवाटिकेचा प्रश्न वेगळा. तिथे क्षेत्र लहान, म्हणून पाण्याचा खर्चही लहान. पण रोपे नाजूक. थंडीची लाट येणार असे कळले, तर तिथले आच्छादन बाजूला सारावे, माती ओली करावी आणि सूर्यास्तापूर्वी वरून कापड ताणावे. सकाळी कापड काढावे, म्हणजे जमीन पुन्हा उष्णता साठवू लागते.

माती ओली का करायची? कोरड्या मातीचा एक ग्रॅम एक अंशाने थंड होताना सुमारे ०.८ ज्यूल उष्णता देतो, पाण्याचा एक ग्रॅम ४.२ ज्यूल देतो. शिवाय मातीच्या पोकळ्यांत हवेऐवजी पाणी आले की खालची उष्णता सहज वर येते, कारण पाणी हवेपेक्षा वीस पटींहून अधिक चांगले उष्णतावाहक आहे. विहिरीचे पाणी हिवाळ्यातही सुमारे २५ अंशांचे असते. एका चौरस मीटरला असे १० लिटर पाणी दिले आणि ते पहाटेपर्यंत १० अंशांवर आले, तर ६३० किलोज्यूल उष्णता मिळाली. रात्रीच्या तुटीचा जवळजवळ पाचवा हिस्सा! मात्र कोरडा वारा वाहत असेल तर बाष्पीभवनातच ही कमाई निघून जाते. हा उपाय शांत रात्रीचा आहे.

शेकोटी पेटवावी का?

निफाडच्या परिसरात पारा पाच अंशांच्या खाली गेला की द्राक्षबागांमध्ये शेकोट्या पेटतात. ‘धुराचे पांघरूण’ उष्णता अडवते, असे पुष्कळदा सांगितले जाते. ते तपासून पाहू. जमिनीच्या प्रारणाची तरंगलांबी १० मायक्रोमीटरच्या आसपास असते. धुराचे बहुतेक कण एका मायक्रोमीटरपेक्षाही लहान असतात. लाटेपुढे एखादा छोटा खुंट असावा, तसे हे कण त्या प्रारणाला फारसे अडवू शकत नाहीत. उपयोग होतो तो शेकोटीच्या उष्णतेचा. तिच्यामुळे वरची थोडी उबदार हवा आणि खालची थंड हवा एकमेकींत मिसळतात, हाही लाभ. म्हणून एका मोठ्या जाळापेक्षा अनेक लहान शेकोट्या बऱ्या. मोठ्या जाळाची तप्त हवा सरळ उंच निघून जाते. धुरासाठी पालापाचोळा ओला करून जाळणे मात्र तोट्याचेच. त्यात ऊबही नाही आणि आच्छादनही गेले! वर सकाळी तो धूर खाली साचून खोकला आणतो. शाळेच्या छोट्या बागेला तर शेकोटीची गरजच नाही. चार काठ्या आणि एक जुने कापड पुरते.

करून पाहा

१. सारख्या आकाराचे तीन डबे घ्या. त्यांत सारख्याच वजनाची माती भरून सारखेच पाणी घाला. पहिला तसाच ठेवा. दुसऱ्यातील वरची माती वाफसा आल्यावर मोकळी करा. तिसऱ्यावर वाळलेल्या गवताचा थर घाला आणि गवतासकट वजन करा. तिन्ही उन्हात ठेवून दहा दिवस रोज एकाच वेळी वजन करा आणि आलेख काढा. डब्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ मोजून रोजची घट मिलिमीटरमध्ये सांगता येईल का? (सूचना : एका चौरस मीटरवर एक लिटर म्हणजे एक मिलिमीटर.)

२. निरभ्र रात्री एक तापमापक उघड्या ओल्या मातीवर, दुसरा गवताच्या आच्छादनावर आणि तिसरा ताणलेल्या कापडाखाली मातीवर ठेवा. सूर्योदयाच्या थोडे आधी वाचन घ्या. ढगाळ रात्री तेच पुन्हा करा. तीन तापमापक आपसांत जुळतात की नाही, हे आधी एकाच भांड्यातील पाण्यात बुडवून पाहायला विसरू नका.

शिक्षकांना एक विनंती. अप्रकट उष्णता, केशाकर्षण, विशिष्ट उष्मा आणि प्रारण हे चार पाठ वर्गात वेगवेगळ्या महिन्यांत येतात. बागेत ते एकाच वाफ्यात, एकाच रात्री भेटतात. निरीक्षणांची वही बागेतच एका डब्यात ठेवावी आणि नोंदीची पाळी मुलांमध्ये वाटून द्यावी. मेमध्ये ती वही उघडून किती बादल्या पाणी वाचले याची बेरीज करायला सांगा. त्या महिन्यात एका बादलीची किंमत काय असते, हे मुलांना वेगळे शिकवावे लागत नाही.